जुनं कालनिर्णय, तिळगुळाच्या डब्या आणि थंडीतलं कागदकाम : तुमचे अनुभव लिहा

आज सकाळी भिंतीवरचं जुनं कालनिर्णय काढलं, रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवायला गेले आणि आत्याची आठवण आली. मिरजेच्या घरात जुनं कॅलेंडर रद्दीत गेलेलं तिला चालायचं नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात शेगडीभोवती आम्हा सहा भावंडांना बसवायची आणि बारा पानांच्या डब्या करून घ्यायची. संक्रांतीला तिळगूळ त्यातूनच वाटला जायचा.

लेक सात वर्षांची आहे. तिला घेऊन लगेच बसले. हात विसरले नव्हते! पानातून चौरस कापायचा. दोन्ही कर्णांवर घडी घालून उघडायचा. चारही टोकं मध्यावर आणायची. मग समोरासमोरच्या दोन कडा मध्यावर आणून नखाने घडी पक्की करायची, उघडायची, उरलेल्या दोन कडांचं तसंच. आता समोरासमोरची दोन टोकं पूर्ण मोकळी करायची आणि बाकीच्या दोन कडा भिंतींसारख्या उभ्या धरायच्या. मोकळं टोक, कोपरे आत दाबत, भिंतीवरून आत वळवलं की तळाच्या मध्यावर येऊन बसतं. डिंक लागत नाही, टाचणी लागत नाही. शेवटचं टोक बसलं तेव्हा लेकीने डबी दोन्ही हातांत धरून कितीतरी वेळ फिरवून पाहिली. डिसेंबरच्या पानाची होती, लाल २५ नेमका भिंतीवर आला होता. "ही नाताळची डबी," म्हणाली.

थंडीच्या दिवसांत मुलांबरोबर तुम्ही काय काय केलंत? तुमच्या लहानपणीचंही चालेल.

मुक्कामी_गाडी
बाबा कंडक्टर होते. डिसेंबर-जानेवारीत मुक्कामी गाडीवरून परत आले की स्वेटरच्या खिशातून कागदाचा बेडूक निघायचा. पाठीवर बोट दाबून सोडलं की टुणकन उडी. मुक्कामाच्या गावी झोप येईपर्यंत करत बसायचे म्हणे. आम्ही भाऊ अंथरुणातच शर्यत लावायचो, गोधडीवर बेडूक नीट उडत नाही म्हणून आईचा पाट आणायचो. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. एक बेडूक अजून माझ्या पाकिटात आहे.

सायलीची_आई
@मुक्कामी_गाडी डोळे भरून आले हो. पाकिटातला बेडूक जपा.

नागोयाकर
अगं ही तर मासूची डबी! मासू म्हणजे इकडचं, जपानचं लाकडी चौकोनी माप, तांदूळ मोजायचं. आमच्या मुलाच्या बालवाडीत फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुनचा सण असतो, साधारण ३ तारखेला. मुलं हीच डबी करतात, त्यात भाजलेले सोयाबीन भरतात आणि राक्षसाचा मुखवटा घातलेल्या माणसावर फेकतात. "राक्षस बाहेर, सुख घरात" असं ओरडत. मग जितकं वय तितके दाणे खायचे. आमच्याकडे त्या डबीत आधी तिळगूळ असतो आणि तीन आठवड्यांनी सोयाबीन. इथे चौरस कागद तयार मिळतो, १५ सेंमीचा. त्याची डबी साधारण सव्वापाच सेंमीची होते, मुलांच्या मुठीत मावते.

खडूफळा
मापांचं मी सांगते, चौथीला शिकवते. ए-फोर कागदाचा सर्वांत मोठा चौरस २१ सेंमीचा. त्याची डबी सुमारे ७.४ सेंमी रुंद, ३.७ उंच. उंची नेहमी रुंदीच्या निम्मी. झाकण हवं असेल तर तळाचा कागद दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिमी कमी घ्या, नाहीतर झाकण बसत नाही आणि मुलं रडकुंडीला येतात. माझ्या वर्गात एका बाजूला लिहिलेले कागद वापरतो. कर्ण, काटकोन, निम्मे, पाव हे सगळं मुलं नखाखाली शिकतात. कागदाच्या घड्यांतून भूमिती यावर टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासहून अख्खं पुस्तक काढलं होतं, ते माझं फार आवडतं.

नाताळचं झाड करायचं असेल तर लहान-मोठे तीन हिरवे चौरस कर्णावर दुमडा, त्रिकोण एकावर एक सरकवून चिकटवा. पहिलीच्या मुलांनाही जमतं.

गूळपोळी
डब्या झाल्या, आता आत घालायचं काय? माझे लाडू दरवर्षी दगड होतात 😀 कुणी सांगेल का?

सायलीची_आई
चिक्कीचा गूळ घेतेस का? लाडवांना साधा घे, पाक फार पुढे जाऊ देऊ नकोस. थोडं दाण्याचं कूट घाल.

गूळपोळी
हो चिक्कीचाच 🙈 यंदा बदलते. थँक्यू गं.

बर्फातली_सातारकर
मिनेसोटा. बर्फाने शाळा बंद, दोघी मुली घरात, बाहेर उणे वीस. खिडकीवर कागदी हिमकण लावायचं ठरलं. अर्ध्यावर अर्ध्यावर दुमडून कापलं तर धाकटी म्हणाली, "आई, आठ टोकं आली, बर्फाला सहा असतात." खरं आहे, पाण्याचे रेणू गोठताना षटकोनीच रचना धरतात. मग शोधलं: चौरस कर्णावर दुमडायचा, त्या त्रिकोणाच्या लांब कडेचा मध्य धरून दोन्ही बाजू एकमेकींवर आणायच्या, तीन सारखे भाग, साठ-साठ अंशांचे. पुन्हा निम्मं केलं की बारा थर होतात, तेव्हा कागद पातळच हवा. साताऱ्याहून आईने पतंगाचा कागद पाठवला होता, तोच कामी आला. आई व्हिडिओ कॉलवर तिकडे कापत होती, मुली इकडे. उघडल्यावर तिचा गुलाबी, यांचा जांभळा. साताऱ्यात बर्फ पडला असं धाकटी अजून सगळ्यांना सांगते.

बोरन्हाण
लेकाच्या बोरन्हाणाला वर्तमानपत्राच्या टोप्या केल्या, पुण्यात अरविंद गुप्तांच्या कार्यक्रमात शिकले होते तशा. पंधरा मुलं, पंधरा टोप्या. बोरं, चुरमुरे, गोळ्या पडायला लागल्या तशी सगळ्यांनी टोप्या काढून उलट्या धरल्या आणि त्यातच वेचलं! मला सुचलंच नव्हतं हे.

दोन_नातवंडं
टोप्या उलट्या!! ❤️

डावा_हात
जरा वेगळं लिहितो. नोव्हेंबरात वडिलांना अर्धांगवायू झाला, डावा हात गेला. व्यायामाचा चेंडू दाबायला त्यांना नको वाटायचं. नातू त्यांच्या पलंगावर बसून विमानं करायचा. एक दिवस म्हणाला, आजोबा, तुम्ही नुसता कागद धरा, घडी मी घालतो. त्यांनी डाव्या तळव्याने कागद दाबून धरला, उजव्याने नव्हे. रोज दुपारी उन्हात दोघं बसतात. काल वडिलांनी डाव्या अंगठ्याने एक घडी स्वतः पक्की केली. वाकडी होती. नातवाने ती सरळ करू दिली नाही कुणाला.

खडूफळा
काकांना नमस्कार सांगा. त्यांना जाड कागद द्या, दाबल्याचं बोटांना कळतं.

नागोयाकर
लवकर बरे होवोत. नातवाला खूप आशीर्वाद.

धागाकर्ती
सगळ्यांचे सावकाश वाचतेय, पोळ्या करता करता. @डावा_हात, बाबांसाठी कालनिर्णयची दोन पानं ठेवून देते, चांगली जाड आहेत, पत्ता खासगीत कळवा. आमच्या एकोणीस डब्या झाल्या. नागोयाचं वाचून दाखवल्यापासून लेकीने फेब्रुवारीचं पान वेगळं काढलंय. सोयाबीन नाहीत म्हटलं, तर फुटाणे चालतील म्हणाली.