पेटमध्ये ७६ पडलेल्यापुढे ६० वाल्याची मुलाखत टिकते का?

मांजराकाठ

पीएचडीच्या पेटचा, म्हणजे विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की मुलाखतीला निघालेल्या पोरांना सगळीकडून एकच सल्ला मिळतो: दुसऱ्याचे गुण बघू नका, आपली तयारी करा. सल्ला मायेचा आहे, पण हिशेबाला धरून नाही. माझं मत उलट आहे. आधी दुसऱ्यांचेच गुण बघा, मग कशाची तयारी करायची ते ठरवा.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमावलीत विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे. ७६ वाल्याचे होतात ५३.२, ६० वाल्याचे ४२. फरक ११.२. आता मुलाखतीचे गुण ० ते ३० असे कुणी पसरून देत नाही. समजा समितीने सगळ्यांना १६ ते २५ च्या दरम्यान ठेवलं, तर सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट मुलाखतीत अंतर उरतं ९. म्हणजे पेटमध्ये १३ किंवा जास्त गुणांनी मागे असलेला उमेदवार उत्तम बोलूनही वर येत नाही.

तेच दुसऱ्या विषयात सगळे ५२ ते ६० मध्ये दाटले असतील, तर लेखीचा फरक जास्तीत जास्त ५.६. तिथं मुलाखत अख्खी यादी उलटीपालटी करू शकते. कागदावर दोन्हीकडे ७०:३० च आहे. मुलाखतीला खरं वजन किती, ते बाकीच्यांचे गुण किती पसरलेत यावर ठरतं.

गोदातीर

गणित बरोबर आहे, पण ते कोणत्या यादीवर करायचं हेच सुटलंय. जागा विषयाच्या नसतात, मार्गदर्शकाच्या असतात. प्राध्यापकाकडे एका वेळी जास्तीत जास्त ८ संशोधक, सहयोगी प्राध्यापकाकडे ६, सहायक प्राध्यापकाकडे ४. त्यातून आधीच नोंदणी झालेले वजा करा. निवृत्तीला ३ वर्षांपेक्षा कमी काळ राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, त्यांच्या जागा रिकाम्या दिसल्या तरी धरू नका.

आता समजा इतिहासात ७६ वाल्याला निजामकाळातल्या महसुलावर काम करायचंय आणि ६० वाल्याला मुक्तिसंग्रामातल्या सीमेवरच्या छावण्यांवर. दोघांचे मार्गदर्शक वेगळे. मग ७६ चा धसका घेऊन ६० वाल्याने विषय बदलायचा का? दरवर्षी मुलं हेच करतात. यादी बघून घाबरतात, आठ दिवसांत नवा आराखडा रचतात आणि समितीसमोर पहिल्याच प्रश्नाला अडकतात.

हिंगोलीकर

गोदातीर सर म्हणायलेत ते खरंय, पण एक गोष्ट आधी तपासावी लागते. मार्गदर्शकवाटप कधी होणार? गुणवत्ता यादी आधी आणि मार्गदर्शक नंतर असं असेल, तर वरचा माणूस आधी निवडणार. त्याने तुमच्या मार्गदर्शकाचं नाव घेतलं की विषय वेगळा असून उपयोग नाही. जाहिरात आणि विभागाची सूचना दोन्ही नीट वाचा.

मांजराकाठ भाऊंच्या मुद्द्यात भर टाकतो. मुलाखतीचे गुण एवढे जवळजवळ का येतात? समितीतले सगळे वेगवेगळे गुण देतात आणि सरासरी निघते. पाच जणांनी १४, २०, २४, १८, १९ दिले तर येतात १९. एकाला तुमचा विषय फार आवडला, त्याने २४ दिले, तरी ते सरासरीत विरघळतात. म्हणून एका सरांवर छाप पाडायच्या मागे लागू नका. चौघा-पाचांपैकी कुणीच १५ च्या खाली जाऊ नये, तिकडं लक्ष द्या.

बालाघाटची

मला हा सगळा सूर पटत नाही. मुलाखतीत समिती तीन गोष्टी बघते: हे काम तुम्हाला झेपेल का, ते इथं होऊ शकेल का, आणि त्यातून नवीन काय कळणार. तिन्ही गोष्टींत शेजारच्या उमेदवाराचे गुण कुठंच नाहीत.

गुण कशाने जातात ते सांगते. "मराठवाड्यातील दुष्काळ: एक अभ्यास" असा विषय घेऊन येतात. आठ जिल्हे, कालखंड नाही, प्रश्न नाही. समिती विचारते, माहिती कुठून आणणार? उत्तर येतं, प्रश्नावली. किती जणांना? ५००. ५००च का, निवड कशी करणार? इथं गप्प. त्याऐवजी एकच तालुका घ्या, १० वर्षांची भूजल पातळी घ्या, निरीक्षण विहिरींच्या नोंदी कोणत्या कार्यालयात मिळतात ते आधी जाऊन बघा, आणि नोंदी तुटक असल्या तर काय करणार ते सांगा. अशा तयारीने १७ चे २३ होतात. शेजाऱ्याचे गुण बघून एकही वाढत नाही.

मांजराकाठ

ताई, तयारीबद्दलचा शब्दन् शब्द मान्य. पण मुलाखतीपर्यंत पोचणंसुद्धा दुसऱ्यांच्या गुणांवर आहे. पात्रता ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ५ टक्क्यांची सवलत, इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण पात्र सगळ्यांना बोलावलंच पाहिजे असं नाही. जागा पाहून किती जणांना बोलवायचं हे विद्यापीठ ठरवू शकतं. ५१ वाला पात्र असूनही घरी राहू शकतो.

आणि आरक्षणाचा हिशेब तर माझ्याच बाजूने जातो. राखीव प्रवर्गातला उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या जागेत बसला, तर त्याच्या प्रवर्गातली जागा खालच्याला मोकळी होते. हे आपल्या प्रवर्गातल्या वरच्या दोघा-तिघांचे गुण बघितल्याशिवाय कसं कळणार?

उदगीरकर

नेट, म्हणजे यूजीसीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा, देऊन येणाऱ्यांचं कुणी काढलंच नाही. जून २०२४ पासून नेटचे तीन गट आहेत: एक जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्ती), दुसरा सहायक प्राध्यापक आणि पीएचडी, तिसरा फक्त पीएचडी. जेआरएफवाल्याचा प्रवेश मुलाखतीवर. बाकी दोघांना नेटचे ७० आणि मुलाखतीचे ३०, आणि पीएचडीसाठी तो निकाल एकच वर्ष चालतो.

इथं घोळ होतो. नेटच्या निकालात गुणही येतात आणि पर्सेंटाइलही. ३०० पैकी १६८ म्हणजे ५६ टक्के, पण त्याच उमेदवाराचं पर्सेंटाइल ९० च्या वर असू शकतं, कारण ते बाकीच्यांच्या तुलनेतच काढलेलं असतं. ७० टक्के कशाचे धरायचे? ५६ चे ३९.२ आणि ९० चे ६३. फरक जवळपास २४ गुणांचा, तो मुलाखतीत भरून निघत नाही. पेट आणि नेटवाले एकाच यादीत असतील, तर कोणता आकडा धरणार हे विभागाकडे लेखी अर्ज देऊन विचारा आणि पोच घ्या. यादी लागल्यावर विचारून काही होत नाही.

गोदातीर

उदगीरकरांचा मुद्दा पूर्ण मान्य. मांजराकाठ, प्रवर्गाचंही मान्य. पण माझा आक्षेप वेळेवर आहे. निकाल आणि मुलाखत यांच्यात थोडे दिवस मिळतात. त्यातला एक दुपारभर यादीला द्या. आपला प्रवर्ग, आपला मार्गदर्शक, जागा, वरचे गुण, एका कागदावर मांडा. वरच्यापेक्षा १३ गुणांच्या आत मागे असाल तर यादी बंद करून आराखड्याला बसा.

बालाघाटची

आणि १३ च्या बाहेर असेल त्याने काय करायचं, सर? मुलाखतीला जायचंच नाही? वरचे गैरहजर राहतात, कागदपत्रात अडकतात, दुसऱ्या विद्यापीठात नोंदणी करतात. लातूरचा मुलगा नांदेडलाही अर्ज भरतो आणि संभाजीनगरलाही, नोंदणी शेवटी एकाच ठिकाणी होते. तुमच्या कागदावर हे कुठंच येत नाही.

हिंगोलीकर

जायचंच, ताई. फक्त त्याच दिवशी पुढच्या नेटच्या अर्जाची तारीखही बघून ठेवायची.