कॉलेजची लॅब लवकर बंद होते, रिसर्च पेपर कुठून वाचायचे?

प्रश्न: बीएस्सी दुसऱ्या वर्षाले आहो, यवतमाळ जिल्हा. लॅबमध्ये प्रॅक्टिकलच्या बॅचेस संपल्या की कुलूप लागते अन् आमची शेवटची एसटी पाचची, ती चुकली तं गावी जायले काहीच नाही. प्रोजेक्ट कपाशीच्या गुलाबी बोंडअळीवर आहे, पण पेपर उघडला की पैसे मागते. मोबाइलवर काही जमते का?

उत्तर १: जमते ना भाऊ. लायब्ररीत जाऊन एन-लिस्टचं लॉगिन मागा. कॉलेजांले ऑनलाइन जर्नल अन् पुस्तकं देणारी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-केंद्राची सेवा आहे, कॉलेज सदस्य असलं की विद्यार्थ्यालेही अकाउंट भेटते अन् ते घरूनही चालते. लय पोट्ट्यायले हे माहीतच नसते, कॉलेज फी भरते अन् कोणी वापरत नाही, याचं खरंच वाईट वाटते.

उत्तर २: सदस्य नसलं तरी आयआयटी खरगपूरची नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, नोंदणी फुकट. अन् बोंडअळीसाठी आपल्या नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, १९७६ पासूनची, तिची साइट आधी पाहा. पीडीएफ कॉलेजातच उतरवून ठेवा, गावात रेंज नसली तरी वाचता येते.

उत्तर ३: मी कॉलेज ग्रंथालयातच काम करते. लॅबसाठी प्राचार्यांना अर्ज द्या, पण एकट्यानं नको, एसटीनं येणाऱ्या सगळ्यांच्या सह्या घ्या, मुलींच्या तर नक्कीच. अन् संध्याकाळची वेळ मागू नका बाप्पा, तुम्हालेच थांबता येत नाही. दुपारच्या सुटीत लॅब उघडी ठेवा म्हणा.