मदत हवी आहे: परकीय गुंतवणुकीवरचे प्रचारी दावे आकड्यांनी कसे खोडायचे?

निवडणूक आली की व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पोस्ट हमखास फिरतात. पहिली: ‘परकीय गुंतवणुकीत महाराष्ट्र दरवर्षी नंबर एक, दरवर्षी नवा विक्रम’. दुसरी: ‘सगळे उद्योग गुजरातने पळवले’, सोबत वेदांता-फॉक्सकॉन आणि टाटा-एअरबसची नावं. दोन्हींना सरकारी आकड्यांनीच उत्तर द्यायचं आहे. कुठला तक्ता घ्यावा आणि त्यात काय बघावं?

प्रतिसाद: ताळेबंद

केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार विभागाची (डीपीआयआयटी) तिमाही फॅक्टशीट उघडा. त्यात राज्यवार तक्ता आहे. प्रत्येक राज्यापुढे दोन आकडे असतात, कोटी रुपये आणि दशलक्ष डॉलर. खरी मेख इथेच आहे. महाराष्ट्राचे आकडे:

२०२०-२१: १,१९,७३४ कोटी
२०२१-२२: १,१४,९६४ कोटी (१५.४ अब्ज डॉलर)
२०२२-२३: १,१८,४२२ कोटी (१४.८ अब्ज)
२०२३-२४: १,२५,१०१ कोटी (१५.१ अब्ज)

‘दरवर्षी विक्रम’ रुपयांतच कोसळतो, कारण २०२०-२१ चा आकडा पुढच्या दोन्ही वर्षांपेक्षा मोठा आहे. शिवाय २०२१-२२ ते २०२३-२४ मध्ये रुपयांत सुमारे ९ टक्के वाढ दिसते, डॉलरमध्ये मात्र २ टक्के घट. मधल्या काळात डॉलर सरासरी ७४-७५ रुपयांवरून ८३ च्या आसपास गेला, म्हणून.

‘दरवर्षी नंबर एक’ही चूक. २०२०-२१ ला गुजरात पुढे होता, २०२१-२२ ला कर्नाटक. त्यानंतरची दोन वर्षं महाराष्ट्र पहिला, हे मात्र खरं आणि ते मान्य करूनच लिहा.

कुणी देशातला वाटा २६ वरून ३४ टक्के झाला म्हणेल. बरोबर आहे, पण देशाची एकूण रक्कमच ५८.८ वरून ४४.४ अब्ज डॉलरवर आली होती. छेद लहान झाला की टक्का फुगतो.

प्रतिसाद: कारखानदारी

एक भर घालतो. हा तक्ता पैसा कुठल्या राज्यातल्या कंपनीत आला ते सांगतो, कारखाना कुठे उभा राहिला ते नाही. २०२०-२१ मध्ये गुजरातच्या रकमेतला सुमारे ९४ टक्के भाग संगणक सॉफ्टवेअर-हार्डवेअर क्षेत्राचा होता. त्या वर्षी रिलायन्सच्या जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये मोठा परकीय पैसा आला आणि तिची नोंदणी अहमदाबादची, हे लक्षात घेतलं की तो फुगवटा कळतो. म्हणून या तक्त्यावरून ‘उद्योग पळवले’ सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरत नाही. त्यासाठी वार्षिक उद्योग सर्वेक्षणातले राज्यवार कारखाने, कामगार आणि स्थिर भांडवल (जमीन, इमारती, यंत्रं) बघा. ते आकडे उशिरा येतात, तेव्हा चालू वर्षाबद्दल त्यावरून बोलू नका.

नावं घेतलेल्या प्रकल्पांना वेगळं उत्तर द्या. टाटा-एअरबसचा सी-२९५ विमानांचा प्रकल्प वडोदऱ्यालाच गेला. वेदांतासोबतच्या गुजरातेतल्या चिप (सेमीकंडक्टर) प्रकल्पाच्या भागीदारीतून फॉक्सकॉन जुलै २०२३ मध्ये बाहेर पडली.

धागाकर्ता: २०१४ पासूनचा आलेख काढू का? आणि दावोसच्या जागतिक आर्थिक परिषदेत होणारे सामंजस्य करार त्यात धरायचे का?

ताळेबंद: दोन्ही नको. राज्यवार नोंद ऑक्टोबर २०१९ पासूनची आहे. त्याआधी रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयानुसार आकडे होते आणि मुंबई कार्यालयात दादरा-नगर हवेली, दमण-दीवही मोडायचे. दोन्ही मालिका जोडल्यात तर समोरचा पहिल्याच फटक्यात तुम्हाला पकडेल. सामंजस्य करार म्हणजे नुसता इरादा, पैसा आलेला नसतो. उत्तरात तक्त्याचा फोटो टाकाल तेव्हा शीर्षकाची ओळ कापू नका. कालावधी आणि एकक तिथेच लिहिलेलं असतं.