पासपोर्टचे पंधराशे परत मिळायला हवेत का? (बडोदेकरांनो, मत द्या)

रावपुरा_४२: ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, ६० पानी हवा तर २०००. पैसे आधी ऑनलाइन भरायचे, मग पासपोर्ट केंद्रावर जायची तारीख. ती तीनदाच बदलता येते आणि भरलेलं शुल्क वर्षभरच चालतं, तोवर केंद्रावर जाणं झालं नाही तर बुडीत. पुस्तिका छापली नाही, पोलीस दारात आला नाही, तरी सगळे १५०० गिळायचे? निम्मे तरी द्या.

सूरसागर_काठ: नाही पटत. पैसे पुस्तिकेचे नाहीत, कामाचे आहेत. तुम्ही न गेल्याने जी वेळ रिकामी गेली ती दुसऱ्याला मिळाली असती. निम्मे परत म्हटलं की एजंट तारखा अडवून बसतील. शिवाय तत्काळचे (लवकर पासपोर्ट हवा तर) जादा २००० आधी घेतच नाहीत, ते केंद्रावर भरायचे.

रावपुरा_४२: तारीख अर्जदाराच्या नावाला बांधलेली असते. एजंट ती विकणार कुणाला?

मांडवी_दरवाजा: तुमचं चालू द्या, पण बडोद्यात गाडी अडते ती नावाशी. आधारवर ‘सुनीलभाई’, पॅनवर नुसता ‘सुनील’, शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी. फॉर्मात रकाने दोनच: गिव्हन नेममध्ये स्वतःचं (हवं तर पुढे वडिलांचं), सरनेममध्ये फक्त आडनाव. ‘भाई’, ‘बेन’ आणि आपल्या सरदार घराण्यांतलं ‘राव’ एका कागदावर आहे, दुसऱ्यावर नाही, की फाइल लटकली. आधार दुरुस्त होऊन आल्याशिवाय पैसे भरूच नका.

कारेलीबाग_कट्टा: दराची ओरड मला कळत नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये १००० चे १५०० झाले. आता चिपवाला ई-पासपोर्ट आला तरी दर तोच. साठीपुढच्यांना नव्या साध्या अर्जावर १० टक्के सूट, म्हणजे १३५०. तत्काळला ती नाही. आणि चिपसाठी जुना बदलायला धावू नका, तो मुदतीपर्यंत चालतो. नव्याच्या मुखपृष्ठावर खाली बारीक सोनेरी खूण असते. यंत्र आधी फोटोच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी वाचतं, मग चिप वाचतं. नव्या पासपोर्टला स्टेपल मारू नका, तो दुमडू नका.

रावपुरा_४२: दर वाढला नाही म्हणून परतावा नको, हे कुठलं गणित? बरं, पैसे राहू द्या. दवाखान्यात पडलेल्याला डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षाची मुदत तरी वाढवून द्या.

सूरसागर_काठ: मुदतवाढीला हरकत नाही, सहा महिने द्या. परतावा मात्र नाही.