बाळ तिकडे जन्मलं म्हणजे ब्रिटिश होतं का? सोसायटी ग्रुपवर रंगलेली चर्चा

जोशी काकू (बी-३०४): मंडळी, एक विचारायचं होतं. आमच्या लेकीला सातवा लागलाय. जावई रेडिंगला आहेत, स्किल्ड वर्कर व्हिसावर, चार वर्षं होत आली. परवा हळदीकुंकवाला सगळ्याजणी सांगत होत्या की बाळ तिकडे जन्मलं की लगेच ब्रिटिश पासपोर्ट मिळतो आणि त्याच्यामागून आईबापांनाही मिळतो. खरं आहे का हे?

निखिल (बी-७०१): काकू, अमेरिकेत तसं आहे ना, जन्मलं की नागरिक. यूकेमध्येही तेच असेल.

देशपांडे काका (ए-१०१): पूर्वी तिथेही तसंच होतं. माझा चुलतभाऊ बर्मिंगहॅमला होता, त्याची मुलगी १९७८ ची. ती जन्मतःच ब्रिटिश. आताचं ठाऊक नाही. आपली मृणाल तिकडेच असते, तिला विचारा.

मृणाल (सी-५०२, सध्या हॅरो): काकू, आधी मनापासून अभिनंदन! लेकीला सांभाळा.

काकांचं बरोबर आहे, पण ते दिवस संपले. १९८१ चा ब्रिटिश नागरिकत्व कायदा १ जानेवारी १९८३ ला लागू झाला, तेव्हापासून नुसतं ब्रिटनमध्ये जन्मून कोणी ब्रिटिश होत नाही. जन्माच्या दिवशी आई किंवा बाबा, दोघांपैकी एक जण तरी ब्रिटिश नागरिक हवा, नाहीतर तिथे कायम राहण्याची परवानगी मिळालेला, म्हणजे आयएलआरवाला हवा. तुमच्या जावयांचं आयएलआर अजून व्हायचंय, त्यामुळे बाळ जन्मतः ब्रिटिश नसेल.

आणि काकू, हे कृपा करून लेकीला आजच कळवा: ते बाळ आपोआप भारतीयही नसेल! भारताबाहेर जन्मलेल्या मुलाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय उच्चायुक्तालयात करावी लागते. वर्ष उलटून गेलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळंतपणाच्या धामधुमीत हे मागे पडतं. जन्मदाखला हातात आला की लगेच हे काम उरकून घ्यायचं.

दुसरं म्हणजे, बाळाकडे व्हिसा नसला तरी ते तिथे बेकायदा ठरत नाही. पण एकदा ब्रिटनबाहेर नेलं की परत येताना व्हिसा लागतोच. पहिल्या दिवाळीला ठाण्याला आणायचं मनात असेल, तर आधी पासपोर्ट, मग व्हिसा, आणि त्यानंतरच तिकीट.

जोशी काकू (बी-३०४): अगं बाई. हे कोणीच सांगितलं नव्हतं. मग बाळ ब्रिटिश कधी होणार?

मृणाल (सी-५०२, सध्या हॅरो): आईबाबांपैकी एकाला आयएलआर मिळालं की बाळाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते, अठराच्या आत कधीही. तो हक्कच आहे. फी मात्र भारी, २०२५ मध्ये १,२१४ पौंड होती. लहान मुलाच्या नोंदणीसाठी एवढे पैसे घेणं मला अजिबात पटत नाही. ज्यांना खरंच परवडत नाही त्यांना २०२२ पासून माफीचा अर्ज करता येतो, एवढं तरी बरं झालं.

आयएलआर मिळाल्यानंतर जे मूल होतं ते थेट ब्रिटिश. नोंदणी नाही, फी नाही, सरळ पासपोर्टचा अर्ज. एकाच घरात थोरल्याची नोंदणी करावी लागलीये आणि धाकटी जन्मतः ब्रिटिश, अशी कितीतरी कुटुंबं आमच्या इथे आहेत.

आणि बाळामुळे आईबापांना नागरिकत्व मिळतं, हे साफ खोटं. त्यांचा रस्ता वेगळा.

निखिल (बी-७०१): ताई, तो रस्ता सांग ना. मी पण प्रयत्न करतोय. पाच वर्षं राहिलं की होतं ना?

मृणाल (सी-५०२, सध्या हॅरो): निखिल, पाच वर्षांनी आपोआप काहीच होत नाही. आधी आयएलआर. ते मिळाल्यावर आणखी बारा महिने थांबायचं, मग नागरिकत्वाचा अर्ज. नवरा किंवा बायको ब्रिटिश असेल तर ते बारा महिने थांबावं लागत नाही आणि पाचऐवजी तीन वर्षांचं वास्तव्य पुरतं. पण लग्न केल्याने नागरिकत्व मिळत नाही, त्यांनाही आधी आयएलआर घ्यावंच लागतं.

आता आयएलआरचीच पाच वर्षं डळमळीत झाली आहेत. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने श्वेतपत्रिका काढून पाचाची दहा वर्षं करण्याचा प्रस्ताव मांडला. नोव्हेंबरमध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी त्याचा तपशील देऊन लोकांची मतं मागवली. केअर वर्करसारख्या कामांना तर पंधरा वर्षांपर्यंतची भाषा होती. माणसं घरदार सोडून, आजारी म्हाताऱ्यांची सेवा करायला जातात आणि वाट अर्ध्यावर आल्यावर मुक्काम लांब सरकवायचा, हा अन्याय आहे असं मी स्पष्ट म्हणेन. काकू, जावयांनी जुन्या पाच वर्षांवर विसंबून राहू नये. आपल्या व्हिसाला अर्जाच्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते गृहखात्याच्या संकेतस्थळावर बघून, नोंदणीकृत सल्लागाराला विचारूनच पुढचं ठरवावं.

निखिल (बी-७०१): सल्लागारावरून आठवलं. एक एजंट म्हणतोय, पैसे भरा, नागरिकत्वापर्यंत सगळं माझ्यावर सोडा.

मृणाल (सी-५०२, सध्या हॅरो): नको रे! ब्रिटनमध्ये वकील किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदवलेला माणूसच असा सल्ला देऊ शकतो, बाकीच्यांनी तिथे दिला तर तो गुन्हा ठरतो. त्यांची यादी इंटरनेटवर खुली आहे, नाव तपासून बघता येतं. आणि नागरिकत्वाची हमी तर कोणीच देऊ शकत नाही.

सचिव: मंडळी, मध्येच लिहितो. उद्या सकाळी १० ते १ टाकी सफाई. पाणी भरून ठेवा. चर्चा चालू द्या, उपयोगी आहे.

देशपांडे काका (ए-१०१): मृणाल, आमचा लीड्सचा मुलगा म्हणतो, आयएलआर होऊन दीड वर्ष झालं, आता नागरिकत्व घेऊन टाकतो. त्याला काय काय करावं लागेल?

मृणाल (सी-५०२, सध्या हॅरो): काका, सर्वांत आधी दिवसांचा हिशोब. अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत तो ४५० पेक्षा जास्त दिवस ब्रिटनबाहेर नसावा, आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० पेक्षा जास्त नसावा. थोडं इकडेतिकडे झालं तर सूट देण्याचा अधिकार गृहखात्याला आहे, पण ती मागणं आपल्या हक्काचं नाही.

एक अट फार लोकांच्या नजरेतून सुटते. ज्या दिवशी अर्ज पोहोचतो, त्याच्या बरोबर पाच वर्षं आधीच्या दिवशी माणूस ब्रिटनच्या भूमीवर हजर असायला हवा. समजा त्या दिवशी तो तुमच्याकडे ठाण्यात गणपतीला आलेला असेल, तर अर्ज थोडे दिवस पुढे ढकलायचा, बस. तारीख निवडणं आपल्या हातात असतं.

मग लाइफ इन द यूके परीक्षा. २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर आले की पास, फी ५० पौंड. आयएलआरसाठी त्याने ती दिलीच असेल, तर तीच इथे चालते, पुन्हा द्यायची नाही. पुस्तिकेत राजेराण्या, युद्धं, संसद असं बरंच आहे. त्यात आपल्याकडून गेलेल्या शेख दीन मोहम्मद यांचाही उल्लेख आहे, त्यांनी १८१० मध्ये लंडनला भारतीय जेवणाचं पहिलं हॉटेल काढलं. ते वाचताना मला फार आनंद झाला होता. पासष्टी गाठलेल्यांना ही परीक्षा नसते.

इंग्रजीचा पुरावा लागतो. आपल्याकडची पदवी इंग्रजी माध्यमातली असली तरी तिथल्या अधिकृत संस्थेकडून तसं पत्र घ्यावं लागतं. ब्रिटनमधली पदवी असेल तर ती थेट चालते. शिवाय तीन वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या, नात्यात नसलेल्या दोन व्यक्तींची हमी लागते. त्यांतली एक शिक्षक, अकाउंटंट अशा पेशातली, दुसरी ब्रिटिश पासपोर्टवाली. हे आमच्या लोकांना जड जातं, कारण सगळी ओळखदेख आपल्यातच असते. शेजाऱ्यांशी, मुलांच्या शाळेत आधीपासून संबंध ठेवलेले बरे.

चारित्र्याचीही छाननी होते: गुन्हे, थकलेला कर, खोटी माहिती. सगळं खरं लिहायचं. लपवलेलं नंतर सापडलं तर मिळालेलं नागरिकत्वही काढून घेता येतं.

एप्रिल २०२५ मध्ये फी १,६०५ पौंड आणि समारंभाचे १३०, मिळून १,७३५ होती. अर्ज नाकारला तर फक्त ते १३० परत येतात, म्हणून घाई करून अर्ज टाकू नये.

देशपांडे काका (ए-१०१): समजलं. पण खरं सांगू का, मला आतून बरं वाटत नाहीये. भारताचं नागरिकत्व जाणार ना?

मृणाल (सी-५०२, सध्या हॅरो): हो काका, जाणार. ब्रिटनला दोन नागरिकत्वं चालतात, आपल्या राज्यघटनेला चालत नाहीत. समारंभात राजाशी निष्ठेची शपथ घेतली, की त्या क्षणी तुमचा मुलगा ब्रिटिश होतो आणि भारतीय नागरिक राहत नाही. (देवाच्या नावाने घ्यायची नसेल तर नुसती प्रतिज्ञा चालते.) हे समारंभ २००४ मध्ये सुरू झाले, पहिला ब्रेंटच्या टाउन हॉलमध्ये झाला आणि त्याला तेव्हाचे युवराज, आताचे राजे चार्ल्स आले होते. आमचं लंडनचं महाराष्ट्र मंडळ त्याच ब्रेंट भागात, डॉलिस हिलला आहे, १९३२ पासूनची संस्था. तिथे हा विषय निघाला की प्रत्येकाचा आवाज हळवा होतो. तुम्हाला वाटतंय ते अगदी साहजिक आहे.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं हा गुन्हा आहे, तो जमा करावा लागतो. ब्रिटिश पासपोर्टचा वेगळा अर्ज करायचा, तो आल्यावर भारतात यायला व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना भारत सरकार देतं ते) घ्यायचं. या मधल्या काळात घरी कोणाचं काही दुखलंखुपलं तर विमानात बसता येत नाही. आमच्या बाबांची बायपास ठरली होती, म्हणून मी माझा अर्जच पुढे ढकलला. समारंभाचं पत्र आलं की तीन महिन्यांच्या आत हजर राहावं लागतं, त्यामुळे विचार अर्ज टाकण्याआधी करायचा. तुमची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, घरातली लग्नं, सगळं मुलाशी बोलून घ्या.

देशपांडे काका (ए-१०१): आणि आमची साताऱ्याजवळची जमीन? सातबाऱ्यावर त्याचं नाव लागेल का?

मृणाल (सी-५०२, सध्या हॅरो): वारसाहक्काने लागेल काका. ओसीआय कार्डवाल्याला शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही आणि तुम्ही बक्षीसपत्राने देऊही शकत नाही. पण परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही हीच बंदी आहे, म्हणजे तिकडे राहतोय तोवर यात फरक पडत नाही. फ्लॅट घेता येतो. मतदान, निवडणूक लढवणं, सरकारी नोकरी हे मात्र जातं.

शिवाय घाई नसेल तर थांबायलाही हरकत नाही. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे तिथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीयाला संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं, भारतीय पासपोर्ट ठेवून! खूप जण नाव नोंदवतच नाहीत, याची मला खंत वाटते. आयएलआरवर नोकरी, धंदा, शिक्षण सगळं करता येतं. अडचण एकच, सलग दोन वर्षांहून जास्त ब्रिटनबाहेर राहिलं तर ते रद्द होतं. म्हणून ज्याला काही वर्षं आईवडिलांजवळ येऊन राहायचंय आणि परतीचा दरवाजाही उघडा ठेवायचाय, त्याच्यासाठी नागरिकत्वच उपयोगी. तुमचा मुलगा कदाचित त्याच विचाराने घेत असेल, विचारून बघा.

फर्नांडिस अंकल (ए-२०४): आमच्या गोंयकारांचं वेगळंच. १९६१ च्या मुक्तीआधी गोव्यात जन्मलेल्यांची, त्यांच्या मुलांची, नातवंडांची जन्मनोंद लिस्बनला होते. माझे मडगावचे भाचे पोर्तुगीज होऊन इंग्लंडमध्ये स्विंडनला गेले. तिथे अर्धा मडगाव भेटेल.

मृणाल (सी-५०२, सध्या हॅरो): हो अंकल, स्विंडनला गोव्याची मोठी वस्ती आहे. ब्रेक्झिटमुळे तो मार्ग २०२० अखेर बंद झाला. आधी पोहोचलेल्यांनी ३० जून २०२१ पर्यंत सेटल्ड स्टेटस (युरोपीय नागरिकांसाठीची कायम राहण्याची परवानगी) योजनेत अर्ज केले. पाच वर्षं भरली की सेटल्ड, मग एक वर्ष थांबून ब्रिटिश. पोर्तुगालला दुहेरी चालतं, म्हणून त्यांना ते सोडावं लागत नाही. भारतीय मात्र पोर्तुगीज होतानाच गेलेलं असतं.

देशपांडे काका (ए-१०१): मुलाला आत्ताच फोन केला. तो म्हणाला, आईबाबा, मला अधूनमधून वर्षभर तुमच्याजवळ येऊन राहायचंय, म्हणूनच घेतोय. मी म्हटलं, घे बाबा. फक्त आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर अर्ज टाक.

जोशी काकू (बी-३०४): मृणाल, किती नीट सांगितलंस गं. लेकीला सगळं पाठवलं. एकच राहिलं, बाळ झाल्यावर जावई दीड महिना इकडे यायचं म्हणतायत. ते दिवस धरतात का?

मृणाल (सी-५०२, सध्या हॅरो): धरतात काकू. निघाल्याचा आणि परत उतरल्याचा दिवस सोडून मधले पूर्ण दिवस. आयएलआरसाठी कुठल्याही सलग बारा महिन्यांत १८० च्या वर जायचं नाही, त्यामुळे दीड महिन्याने काही बिघडत नाही, खुशाल येऊ द्या. फक्त प्रत्येक प्रवासाच्या तारखा एका वहीत लिहून ठेवायला सांगा. वर्षांनंतर अर्जात त्या सगळ्या भराव्या लागतात.