मदत हवी आहे: दुकानातला प्लास्टिक सैनिकांचा पुठ्ठा धुवू-पुसू की तसाच ठेवू?

नमस्कार मंडळी,

काकांनी वेंगुर्ल्याच्या बाजारातलं दुकान यंदा बंद केलं. वह्या, गोट्या, पतंग, सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि थोडी प्लास्टिकची, असा सगळा माल. आवराआवरीत माळ्यावर एक पुठ्ठा सापडला. दोनेक फूट उंच, वर लटकवायला तारेची कडी आणि ओळीने रबराने बांधलेले सैनिक. गिऱ्हाईक आलं की एक सोडून द्यायचा. ३६ पैकी ३१ जागेवर आहेत. उरलेल्या पाच जागी दोन-दोन भोकं आणि सैनिकाच्या आकाराचा डाग. बाकी पुठ्ठा उन्हाने फिका झालाय, त्या डागांतला लाल मात्र कालचा वाटतो.

सुटे सैनिक मी बरेच जमवलेत. पुठ्ठ्यासकट पहिल्यांदाच मिळाले, कारण माल संपला की पुठ्ठा चुलीत. काकूनेही विचारलंच, "ह्या कित्याक व्हया तुका? बंबात घाल."

अडचण अशी की रबर वितळून सैनिकांच्या पोटाला आणि पुठ्ठ्याला चिकटलंय. काही सैनिक हाताला चिकट लागतात, काही इतके ठिसूळ की नुसती धूळ झटकताना एकाची बंदूक तुटली (अजून जीव हळहळतोय). खालच्या कोपऱ्यात बुरशी आहे. कडी गंजून पुठ्ठ्यावर ओघळ आलाय. आपल्याकडे पावसात पापड मऊ पडतात, पुठ्ठ्याचं काय घेऊन बसलात!

शिवाय खणात फनस्कूल कंपनीचे दोन जी. आय. ज्यो (हातपाय हलणारे खेळण्यातले सैनिक) मिळाले, कार्डावरून न काढलेले. म्हणजे शेजारच्या गोव्यातल्या कारखान्याचा माल. ते फोडू नयेत एवढं मला कळतं.

सैनिक सोडवून धुवावेत का? आणि पुठ्ठ्याचं काय करू?

भिरभिरं:
सगळे काढा, साबणाने धुवा, नवीन रबरं लावा. दोन तासांचं काम.

माळ्यावरचा:
अजिबात नको! त्या रबरांसकटच तो दुकानातला पुठ्ठा आहे. नवीन रबरं लावलीत तर उरेल नुसती सजावट.

आधी प्लास्टिक कुठलं ते बघा. तुटलेली बंदूक पाण्यात टाका. तरंगली तर बहुधा पॉलिथिन, ते उन्हाने आणि वयाने ठिसूळ होतं, त्यावर इलाज नाही, फक्त हाताळू नका. चिकट आहेत ते बहुधा मऊ पीव्हीसी. ते नरम राहावं म्हणून घातलेला तेलकट पदार्थ वर्षानुवर्षं बाहेर झिरपतो आणि त्यावर धूळ बसते. त्यांना कोमट पाण्यात पिळलेल्या कापसाने जागेवरच टिपा. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर लांब ठेवा. पीव्हीसीला पॉलिस्टायरीनची कडक खेळणी टेकवून ठेवू नका, तो झिरपणारा पदार्थ त्यांना खातो. कुठल्याही बाहुलीला कापरासारखा वास आला तर ती सेल्युलॉइडची असू शकते. ती भपकन पेटते, देवघराच्या आसपास नकोच.

रबर कडक झालं असेल तर आपोआप सुटेल तेवढंच उचला. तेल, रॉकेल लावलंत तर पुठ्ठ्यावर कायमचा डाग. बुरशी आधी सावलीत, वाऱ्यावर वाळू द्या, मग अंगणात मऊ ब्रशने झाडा, नाकाला फडकं बांधून. कडी काढू नका, गंज आणि पुठ्ठा यांच्यामध्ये टीपकागद सरकवा. मग सगळं आडवं, पत्र्याच्या ट्रंकेत, सिलिका जेलच्या पुड्या घालून. पुड्या पावसाळ्यात बदलत राहा.

ज्योंच्या कंबरेत ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं असतं, तीच पाय आणि कंबर धडाला धरून ठेवते. कार्ड हलवून बघू नका, ती आतल्या आत तुटते.

धागाकर्ता:
आभार, दादा. बंदूक तरंगली. चिकट सैनिक नऊ निघाले, पैकी सहा टिपून झाले, कापूस काळा कुळकुळीत. तिसऱ्या ओळीतलं एक रबर नखाने जरा उचकटलं तर पुठ्ठ्याचा पापुद्रा येऊ लागला, म्हणून तिथेच थांबलो. बाकीची रबरं आहेत तशी राहू देतो.

सिलिका जेल कुडाळहून आणतो. ट्रंक घरात एकच आहे आणि तिच्यात काकूच्या साड्या. पुठ्ठा तूर्त माझ्या पलंगाखाली, आडवा.