बातम्यांच्या वेळेला चालू कार्यक्रम कापावा लागतो, क्यू शीट (काय, केव्हा वाजवायचं याचा मिनिट-सेकंदांचा तक्ता) कशी बसवायची?

पहाटपाळी :
आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे, रोज आठ तास प्रसारण. सकाळी ७:१० ला आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या सहक्षेपित करतो, म्हणजे त्याच वेळी आमच्या केंद्रावरूनही ऐकवतो. त्याआधी ६:४० पासून शेतीचा फोन-इन (श्रोत्यांचे फोन थेट घेणारा कार्यक्रम) असतो. तो कधी लांबतो आणि बातम्यांचं पहिलं वाक्य जातं, कधी लवकर संपतो आणि अर्धा मिनिट शांतता. बातम्या आम्ही मोबाइल ॲपवरून घेतो. ऑटोमेशनमध्ये (ठरल्या क्रमानं फाइली वाजवणाऱ्या संगणकप्रणालीत) बातम्यांना वेळ लावलेली आहे, तरी रोज घोळ. नेमकं काय बदलावं?

क्यूशीट :
आधी फोन-इन तिथून हलवा. लांबी हातात नसलेला कार्यक्रम ठरलेल्या वेळेच्या तोंडावर कधीच ठेवू नये. तो बातम्यांनंतर घ्या आणि ६:४० ला ध्वनिमुद्रित कार्यक्रम लावा.

वेळापत्रक बातम्यांपासून मागे मोजत यायचं. अर्ध्या तासाचा हिशेब असा: सुरुवातीची धून आणि ओळख २० सेकंद, कार्यक्रम २६:३०, समाप्ती १० सेकंद, जाहिराती २ मिनिटं, उरलेलं १ मिनिट फिलर, म्हणजे जागा भरायचं संगीत. निर्मात्यांना 'साधारण अर्धा तास' सांगितलं की २९ मिनिटांची फाइल येते आणि मग जाहिरातीच उडवाव्या लागतात. म्हणून २६:३० लिहूनच द्या, आणि त्याहून मोठी फाइल परत पाठवा.

शेवटच्या मिनिटासाठी शब्द नसलेलं वाद्यसंगीत वापरा. समजा तुकडा ३:४० चा आहे आणि बातम्यांआधी १० सेकंदांची केंद्राची ओळख वाजवायची आहे. तुकडा ७:०९:५० ला संपायला हवा, म्हणजे ७:०६:१० ला सुरू करायचा, पण फेडर (मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची पट्टी) बंद ठेवून. कार्यक्रम आणि जाहिराती ७:०८:४० ला संपोत की ७:०९:१० ला, त्या क्षणी फेडर हळूहळू वर घ्या. संगीत आपोआप वेळेवर पूर्ण होतं, मध्येच तुटल्यासारखं वाटत नाही. गाणं इथे चालत नाही, कडव्याच्या मध्यात उघडलं की कानाला खटकतं.

फेडर :
मोबाइल ॲप हे खरं दुखणं आहे. इंटरनेट प्रवाह मूळ प्रसारणाच्या कितीतरी सेकंद मागे असतो, आणि जोडणी तुटून परत जुळली की हे अंतर बदलतं. त्यामुळे ठरावीक सेकंदांची भरपाई करून जमत नाही. वेगळा रेडिओ रिसीव्हर घेऊन त्याचा लाइन-आउट (आवाज बाहेर देणारी जोडणी) मिक्सरला द्या. एफएमवर घेत असाल तर त्याची अँटेना स्वतःच्या मनोऱ्यापासून जमेल तितकी दूर, शक्यतो इमारतीच्या पलीकडच्या बाजूला लावा; आपलाच ट्रान्समीटर रिसीव्हरला दाबून टाकतो. मध्यम लहरींवर यूपीएस आणि एलईडी दिव्यांची खरखर येते, तिथेही अँटेना खोलीबाहेर हवी.

ऑटोमेशनमध्ये त्या नोंदीचा प्रकारही तपासा. एका प्रकारात ठरलेली वेळ झाली की चालू फाइल थांबते, दुसऱ्यात ती संपेपर्यंत वाट पाहिली जाते. बातम्यांना पहिला प्रकार, बाकी सगळ्याला दुसरा. आणि संगणकाचं घड्याळ! इंटरनेटवरून वेळ जुळवून घेणं बंद असेल तर ते दिवसाला एक-दोन सेकंद सहज सरकतं, पंधरवड्यात अर्ध्या मिनिटापर्यंत फरक पडू शकतो.

पहाटपाळी :
समजलं. फोन-इन उद्यापासूनच हलवतो. बातम्या उशिरा जोडल्या गेल्या तर राहिलेला भाग आमच्या निवेदकानं वाचला तर चालेल का? आणि जाहिराती किती घेता येतात?

क्यूशीट :
स्वतः जमवलेल्या बातम्या सामुदायिक केंद्राला देता येत नाहीत. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून देता येतं. त्यामुळे अंदाजानं गाळलेली जागा भरायला निवेदकाला सांगू नका. हवामान, वाहतूक, वीज-पाणी, परीक्षा-प्रवेश, नोकऱ्या ही माहिती मात्र बातमी धरली जात नाही, ती मोकळेपणानं द्या. गावाला तीच जास्त लागते.

जाहिरातींची मर्यादा पूर्वी तासाला ७ मिनिटं होती, २०२४ पासून १२ आहे. पण १२ भरल्याच पाहिजेत असं नाही. सलग दोन मिनिटांपेक्षा मोठा गुच्छ झाला की ऐकणारा निघून जातो.

फेडर :
प्रसारित झालेलं तीन महिने जपून ठेवावं लागतं, त्याची सोयही आत्ताच करा. १२८ केबीपीएसला तासाला सुमारे ५८ एमबी, आठ तासांचे ४६० एमबी, ९० दिवसांचे ४१-४२ जीबी. प्रत्येक तासाची वेगळी फाइल करा आणि लॉगरला (प्रसारण सतत मुद्रित करणाऱ्या यंत्रणेला) आवाज मिक्सरमधून देऊ नका, हवेतून पकडणाऱ्या रिसीव्हरमधून द्या. मिक्सर ठीक पण ट्रान्समीटर बंद, हे मिक्सरच्या नोंदीत कधीच दिसत नाही.